बॉबिन भरेपर्यंत

३ फेब्रुवारी, मंगळवार

वही नवीन आहे आणि मला ती आवडलेली नाही. पण डॉक्टरबाईंनी सांगितलं, रोज लिहा, हाताने लिहा, मोबाइलवर नको. जळजळ किती, पाणी आलं का, थेंब किती वेळा घातले, स्क्रीनसमोर किती तास बसलात. महिन्याभराने वही घेऊन यायचं. म्हणजे या वयात मला गृहपाठ लागला.

डॉक्टरबाई म्हणजे जेमतेम तिशीची पोरगी. मला काकू म्हणते. खुर्चीत बसवलं, समोरच्या कॉम्प्युटरवर एका बाईचा फोटो लावला आणि म्हणाली, यात काय काय चुकलंय सांगा, तुमचं कामच आहे ना ते. मी बघत बसले. हनुवटीखालची सावली चुकीच्या बाजूला होती, ते सांगितलं. मागच्या पडद्याला सुरकुती होती, तेही सांगितलं. मला वाटलं माझ्या कामाची परीक्षा चाललीय, आणि ही बया घड्याळ लावून माझ्या पापण्या मोजत होती. एका मिनिटात चार. माणसाच्या पंधरा तरी लवायला हव्यात म्हणे. 'काकू, तुम्ही डोळे मिटायलाच विसरलात,' असं तिने शांतपणे सांगितलं.

मी फोटो स्टुडिओत रिटचिंग करते, म्हणजे फोटोतले दोष काढते. एकोणिसाव्या वर्षी लागले, आता अठ्ठावन्न पूर्ण होतील. तेव्हा हातात ब्रश आणि पेन्सिल होती, आता माऊस आहे. डाग, मुरुम, सुरकुत्या, डोक्यामागे उगवलेला विजेचा खांब, सगळं मी घालवते. पण निम्मं काम डोळ्यांचं. वीस जणांचा ग्रुप काढला की दोघांचे डोळे मिटलेले असणारच. ते मी उघडते. दिवसभर लोकांचे डोळे उघडत बसते आणि स्वतःचे मिटायचे राहून जातात.

वर आणखी एक. पापण्यांच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, माझ्या तुंबल्यात, म्हणून डोळ्यांतला ओलावा टिकत नाही, उडून जातो. घ्या. जन्मभर डोळ्यांत तेल घालून काम केलं आणि आता कळतंय की तेलच संपलंय. हे बोलून दाखवलं तर ती खुर्ची फिरवून हसत सुटली. हसली तेव्हा बरी वाटली.

जळजळ पुष्कळ. पाणी हो. स्क्रीन सात तास. थेंब आजपासून.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पाणी येतं तर डोळे कोरडे कसे, हे यांना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. डॉक्टरबाईंनी मला सांगितलं तेच सांगितलं, की डोळा कोरडा पडला की त्याला झोंबतं, झोंबलं की तो घाबरून भसाभस पाणी सोडतो, पण ते नुसतं पाणी, टिकत नाही. हे म्हणाले, म्हणजे नळ गळतोय आणि टाकी रिकामी. बत्तीस वर्षं टपाल वेगळं करण्यात गेली यांची, प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी खणात टाकल्याशिवाय चैन पडत नाही.

गरम शेकाचं खातं यांनी स्वतःकडे घेतलंय. रुमालाची चौपदरी घडी करायची, तिच्यावरून इस्त्री फिरवायची, आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची, मग माझ्या डोळ्यांवर. शेजारी गजराचं घड्याळ. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं, आणि तोवर बोलायचं नाही. बोलू नका असं डॉक्टरबाईंनी कुठे सांगितलंय, विचारलं. म्हणाले, कागदावर शेवटची ओळ आहे. कागद मागावा तर माझे डोळे झाकलेले.

स्टुडिओतही सगळं हललं. पंख्याचं तोंड माझ्याकडे होतं, ते फिरवलं. कॉम्प्युटरच्या खाली दोन जाडजूड नमुन्याचे अल्बम लावलेले होते, ते धाकट्या मालकांनी ओढून काढले, म्हणजे स्क्रीन खाली आली आणि पापण्या अर्ध्या मिटून काम होतं. धाकटे मालक म्हणजे आमच्या मास्तरांचा, स्टुडिओच्या जुन्या मालकांचा मुलगा. चाळिशीचा आहे, पण याला मी कडेवर घेऊन डार्करूमच्या बाहेर फिरवलंय, त्यामुळे मालक म्हणताना अजून हसू येतं. तो मला मावशी म्हणतो.

मास्तर असते तर म्हणाले असते, पेन्सिल, नाटकं पुरे. मी किडकिडीत होते म्हणून ते मला पेन्सिल म्हणायचे. आता मी खडूचा डबा झालेय, पण तसं म्हणायला ते नाहीत.

दुपारी पाणी इतकं आलं की पासपोर्टच्या फोटोला आलेल्या एका गृहस्थांनी स्वतःचा रुमाल पुढे केला. मी म्हटलं, अहो डोळे कोरडे आहेत. ते माझ्याकडे बघतच राहिले.

८ फेब्रुवारी, रविवार

ताईचा फोन. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिचा एक डोळा काचबिंदूने गेला त्याला तीन वर्षं झाली. दुसऱ्यातून दिसतं, पण नळीतून बघितल्यासारखं, आणि ती नळी बारीक होत चाललीय. तिच्यापुढे माझ्या जळजळीचं काय कौतुक सांगणार. तरी तिनेच विचारलं, थेंब नीट घालतेस ना, की चुकवतेस?

मग म्हणाली, 'मला आईचा चेहरा मोठा करून दे. भिंतभर नको, पण नुसता चेहरा. दिसतंय तोवर एकदा नीट बघायचाय.'

देते म्हटलं. पटकन म्हटलं. आणि फोन ठेवल्यावर कपाटातून आईचा फोटो काढून समोर ठेवला.

आईचा एकच फोटो आहे. ताईकडे त्याची प्रत, माझ्याकडे त्याची प्रत. त्या फोटोतले आईचे डोळे आईचे नाहीत. ते मी रंगवलेत. हे जगात दोघांनाच माहीत होतं, मला आणि मास्तरांना, आणि मास्तर गेले त्याला बारा वर्षं झाली.

आज काहीच मोजलं नाही. जळजळ असेल.

१० फेब्रुवारी, मंगळवार

लिहूनच टाकते. वही डॉक्टरबाईंची असली तरी ती माझी कहाणी वाचत बसणार नाही, आकडे बघेल.

आमच्या स्टुडिओत एक रिवाज होता. नवीन माणूस कामाला लागलं की त्याच्या घरच्यांना बोलवायचं आणि एक फोटो काढायचा. आणि त्या माणसाला रिटचिंगचा पहिला धडा त्याच फोटोवर द्यायचा. मास्तर म्हणायचे, परक्याच्या तोंडावर हात कसाही चालतो, आपल्या माणसाच्या तोंडावर जपून चालतो. मला तीन महिने नुसतं कागदावर ठिपके द्यायला लावले, मग तो फोटो समोर ठेवला. मी, ताई, मध्ये स्टुलावर आई. आईचे डोळे मिटलेले.

तेव्हा कॉम्प्युटर कुठला. मोठी प्रत काढायची, तिच्यावर बारीक ब्रशने डोळे रंगवायचे, आणि मग त्या प्रतीचा पुन्हा फोटो काढायचा, म्हणजे रंगवलेलं कळत नाही. मास्तर म्हणाले, उघड आईचे डोळे. कसे उघडू, कुठून बघू, विचारलं. घरी जाऊन बघून ये असं ते म्हणतील वाटलं होतं. त्यांनी एक छोटा गोल आरसा आणून माझ्यासमोर टेकवला आणि म्हणाले, हे घे, मुलीकडे असतातच आईचे डोळे.

आठ दिवस लागले. आज तो फोटो स्कॅन केला आणि चारशे टक्के मोठा करून बघितला. काम सुरेख आहे, स्वतःच म्हणते. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात जरासा तिरकेपणा आहे, तो माझाच, अजून आहे. एकोणीस वर्षांची मी आईच्या तोंडातून बघतेय.

गंमत म्हणजे नंतर ज्या ज्या माणसाने तो फोटो बघितला, तो म्हणाला, डोळे अगदी आईचे घेतलेत हो तुम्ही. यांनी लग्नाआधी आमच्या घरी पहिल्यांदा येऊन हेच म्हटलं होतं. मी मान डोलावली. डोलावता डोलावता आता आईचे खरे डोळे आठवतच नाहीत. आठवायला गेलं की ब्रश आठवतो.

ताईला हे मोठं करून कसं देऊ? तिने शेवटचं बघायचं आणि ते माझंच रंगकाम?

जळजळ दुपारनंतर. पाणी हो. स्क्रीन सहा तास. त्यातला एक तास आईचा.

१४ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरबाईंनी व्यायाम दिलाय. डोळे हलकेच मिटायचे, दोन सेकंद थांबायचं, मग जरा घट्ट, मग उघडायचे. आणि दर वीस मिनिटांनी नजर लांब न्यायची. दोन्ही मी विसरते. धाकट्या मालकांनी मोबाइलवर गजर लावून दिला. तो वाजला की मी बंद करते आणि काम पुढे चालू. गजर ऐकायला माणूस रिकामं असावं लागतं.

आज मात्र मोठी फाईल सेव्ह होत होती, पट्टी हळूहळू पुढे सरकत होती, आणि मी आपोआप डोळे मिटले. मिटले आणि आई आठवली.

आई शिवणकाम करायची. दुसऱ्यांचे कपडे, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. खालच्या दोऱ्याची बॉबिन संपली की ती काढून मशीनच्या बाजूच्या चक्राला लावायची, पाय चालू ठेवायचा आणि डोळे मिटून घ्यायचे. बॉबिन भरेपर्यंत मिटलेले. आम्ही म्हणायचो, आई, दोरा बाहेर गेला तर? ती म्हणायची, मला ऐकू येतं. खरंच यायचं. बॉबिन भरत आली की आवाज जाड व्हायचा, आणि बरोबर त्या क्षणी ती डोळे उघडायची. दिवसातून पंधरा-वीस वेळा तरी. साठी जवळ आली तरी बिनचष्म्याची सुईत दोरा ओवायची. आज डॉक्टरबाई जे सांगतेय ते तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

तेव्हाच मी ठरवलं, फाईल सेव्ह होईपर्यंत डोळे मिटायचे. दिवसाला चाळीस फायली होतात. धाकटे मालक म्हणाले, मावशी, झोपलात का. म्हटलं, बॉबिन भरतेय. त्याला काय कळणार.

मग वाटलं, फोटोतही असंच झालं असेल. दमलेली असेल, बसायला स्टूल मिळालं, सवयीने मिटले असतील. तिला तेवढीच उसंत.

आईची आठवण आली की गोड आणि कडू एकदम येते, काय करू. बाबा गेले त्या वर्षी मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. एके दिवशी आईने मशीनवर बसूनच सांगितलं, उद्यापासून कॉलेज नको, स्टुडिओत माणूस हवंय, मी विचारून आलेय. पाठ माझ्याकडे, मशीन चालू. मान वळवून सांगण्याचीही तिला गरज वाटली नाही. मी दारात पाच मिनिटं उभी होते. ती शिवतच राहिली. नंतर बघितलं तर ती शिवण सगळी वाकडी गेली होती आणि तिला ती उसवावी लागली. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

जळजळ कमी. पाणी थोडं. थेंब चार वेळा.

१८ फेब्रुवारी, बुधवार

मूळ निगेटिव्ह असणार. रंगवलं ते प्रतीवर, निगेटिव्हला हात लावलेला नव्हता. मास्तर काही फेकायचे नाहीत. तुटलेली छत्रीसुद्धा ठेवायचे, फोटोत कामाला येते म्हणून.

धाकट्या मालकांना सांगितलं, मला माळ्यावरची खोकी बघायचीत. कशाला विचारलं तर म्हटलं, ताईसाठी. एवढंच. त्याने शिडी लावली आणि स्वतःच चढला, मला चढू देईना. वरून एकेक खोकं खाली देत गेला आणि मी झटकत गेले. धुळीने डोळ्यांची जी काही दशा झाली ती डॉक्टरबाईंना सांगायची नाही.

काय काय निघालं. मागचा पडदा, ज्याच्यावर जिना रंगवलेला आणि तो जिना कुठेच जात नाही. लहान मुलांना हसवायचं लाकडी बदक, एक पंख तुटलेला. माझा तो गोल आरसा, त्याच्या पाठीमागचा पारा गेलाय. आणि रिटचिंगच्या पेन्सिली, सुईसारखं टोक काढलेल्या, अजून तशाच. एक उचलून नाकाशी नेली. लाकडाचा वास होता की माझ्या मनाचा, कोण जाणे. किती शांत असायचं सगळं. ब्रशचा आवाज येत नाही, पेन्सिलीचा येतो, अगदी बारीक. मास्तर दुपारी रेडिओ बंद करायचे, म्हणायचे, हिच्या पेन्सिलीचं ऐकू येऊ दे. त्या काळी माझे डोळे एकदाही दुखल्याचं आठवत नाही. ब्रश पाण्यात बुडवायला मान वळवावी लागायची, रंग वाळायची वाट बघावी लागायची. काम स्वतःच माणसाला थांबवायचं.

नोंदवह्या सापडल्या. मास्तरांचं अक्षर. तारीख, नंबर, नाव, शेरा. शेरा म्हणजे फोटोत काय बिघडलं ते. 'हलला', 'डोळे मिटले', 'मूल रडले', असे ठरलेले शब्द. आमचा नंबर सापडला. शेऱ्यात 'डोळे मिटले' असं असायला हवं. तिथे लिहिलंय 'विनंतीवरून'.

विनंती कसली? फोटो तर रिवाजानेच निघायचा, आईने कशाला विनंती केली असेल. मास्तरांनी शेजारच्या नोंदीचा शेरा चुकून आमच्यापुढे लिहिला असणार. त्यांचं असं व्हायचं.

आमच्या निगेटिव्हचं खोकं मात्र सापडलं नाही. उद्या पुन्हा.

जळजळ विचारू नका.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सापडलं. जिन्याच्या पडद्याच्या गुंडाळीमागे पडलं होतं. खोक्यातल्या एका पाकिटावर आमचा नंबर, आत बटर पेपर, आणि बटर पेपरात एक नाही, दोन निगेटिव्ह.

मला दुसऱ्याचं माहीतच नव्हतं. वाटलं, एकात मिटलेत तर दुसऱ्यात उघडे असणार, म्हणून तर दुसरा काढला. आईचे खरे डोळे इतकी वर्षं माझ्या डोक्यावर माळ्यात पडून होते आणि मी खाली बसून लोकांचे डोळे उघडत होते. स्कॅनरवर निगेटिव्ह धाकट्या मालकांनी ठेवली. पट्टी सरकत होती तेवढा वेळ डोळे मिटून बसले. उघडले तर स्क्रीनवर आई.

मिटलेले. दुसऱ्यातही मिटलेले.

पहिल्यांदा रागच आला. मग नीट बघितलं. पापणी लवताना फोटो निघाला की पापण्या सैल असतात, अर्धवट, मी हजारोंनी बघितल्यात. या तशा नाहीत. या घट्ट मिटल्यात, व्यायामातल्या दुसऱ्या पायरीसारख्या. कपाळावर मध्ये एक रेघ आहे. आणि ओठही मिटलेले. झोप नाही, उसंत नाही. बॉबिन भरताना तिचा चेहरा असा नसायचा, तेव्हा तो सैल असायचा.

दिवे झोंबले असतील. स्टुडिओचे जुने दिवे फार प्रखर होते, आणि शिवणकामाने तिचेही डोळे माझ्यासारखेच कोरडे झाले असणार. म्हणजे हे दुखणं घराण्यातलंच. डॉक्टरबाईंना हे सांगायला हवं, त्यांना घरचा इतिहास लागतो.

बाकी फोटोत आम्ही तिघी. ताई आईच्या उजवीकडे, आईचा हात तिच्या हातात. मी डावीकडे, स्टुडिओचा करडा कोट घातलेला. मास्तरांनी त्याच दिवशी दिला होता, कुणातरी उंच माणसाचा होता, बाह्या बोटांच्या खाली लोंबतायत. मी तोंड फुगवून उभी आहे. त्या संध्याकाळी आईने न बोलता तो कोट माझ्या अंगावरून काढून घेतला आणि सकाळी बाह्या आखूड करून खुंटीला लावलेला. दोन्ही बाह्यांची दुमड हाताने शिवलेली, मशीनने नाही. तेव्हाही एक शब्द बोलली नाही. मला वाटायचं, हिला माझ्याशी बोलायचंच नसतं.

जळजळ मध्यम. पाणी नाही. स्क्रीन तीन तास.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दोन्ही प्रती काढल्या. एक डोळे उघडे, माझ्या हातचे. एक मिटलेले, आईचे. नुसता चेहरा, ताईने सांगितला तेवढा. निगेटिव्हवरचे ओरखडे आणि धूळ काढली, पण चेहऱ्याला हात लावला नाही. कपाळावरच्या रेघेवर माऊस नेला होता, सवयीने. परत आणला.

रोज थोडं थोडं केलं, वीस मिनिटं झाली की खिडकीपाशी. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालते, तिचे चिमटे मोजते. जळजळ खरंच कमी झालीय. डॉक्टरबाईंचं ऐकलं की गुण येतो, हे मान्य करायला मला वीस दिवस लागले.

यांना सगळं सांगून टाकलं. शेक चालू असताना, डोळ्यांवर रुमाल होता म्हणून सांगता आलं. म्हटलं, तुम्ही पहिल्यांदा घरी येऊन म्हणालात ना आईचे डोळे, ते आईचे नव्हतेच. गजर वाजला तरी यांनी रुमाल काढला नाही. मग म्हणाले, मग मी तेव्हा खरंच बोललो ना, डोळे तुझेच बघितले होते. या माणसाला कुठल्या खणात टाकावं कळत नाही.

ताईला काय द्यायचं ते ठरत नाही. उघडे दिले तर खोटं. मिटलेले दिले तर इतक्या वर्षांचं खोटं उघडं पडणार, आणि वर तिला शेवटचं बघायला काय मिळणार, मिटलेल्या पापण्या. फोटोत डोळे नीट आले की माणूस आला, हे मी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलेय.

१ मार्च, रविवार

ताईकडे जाऊन आले. हे बरोबर येतो म्हणत होते, नको म्हटलं.

ताईने खिडकीपाशी खुर्ची ओढली होती, उजेड घेऊन. आधी उघड्या डोळ्यांचा फोटो दिला. तिने तो डाव्या डोळ्याजवळ नेला आणि हळूहळू सरकवत बघितला, एका वेळी थोडं थोडं, कारण तिला तेवढंच दिसतं. कपाळ, मग नाक, मग ओठ. डोळ्यांवर थांबलीच नाही. मला म्हणाली, काम छान आहे गं.

माझ्याने राहवलं नाही. सगळं बोलून टाकलं. आरसा, आठ दिवस, मास्तर. हे डोळे माझे आहेत, आईचे मला आठवतही नाहीत, माफ कर. ती ऐकून घेत होती आणि हात पुढे करून होती. दुसरा दे, म्हणाली.

दिला. हा तिने फार वेळ बघितला. पापण्यांवर बोट फिरवलं, कागदावरून.

म्हणाली, 'मी तिथे होते ना. मास्तर म्हणाले, बाई, डोळे उघडा. आई तुला ऐकू जाऊ नये इतकं हळू म्हणाली, उघडले तर सांडतील. असाच काढा.'

ताई सांगत होती. आई घरून निघाली तेव्हा ठीक होती, स्टुलावर बसली तोवर ठीक होती. मग मी आतून तो कोट घालून आले. लोंबत्या बाह्यांचा. आईने एकदा माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले ते मिटलेच. ताईचा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. मास्तरांनी जरा थांबून दुसरा काढला. तेव्हाही ती तेच म्हणाली, वर म्हणाली, पोरीला दिसायला नको, पहिला दिवस आहे तिचा.

आणि रंगवलेला फोटो मी घरी नेला तेव्हा? आईने तो हातात धरून पुष्कळ वेळ बघितला होता, छान झालाय म्हणाली होती, एवढं मला आठवतं. ताई म्हणाली, मी माहेरी आले तेव्हा मला दाखवला तिने. धाकटी बघतेय बघ माझ्या तोंडातून, म्हणाली, असू दे, तिला सांगू नकोस. म्हणून नाही सांगितलं.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. आईला, ताईला, मास्तरांना. मास्तरांनी वहीत लिहूनही ठेवलं होतं. एक मीच, जिला डोळ्यांतलं सगळं कळतं म्हणून पंचक्रोशीतून फोटो येतात.

ताईने मिटलेला ठेवून घेतला. उघडा मला परत दिला, म्हणाली हा तुझा आहे. मग मला शेजारी बसवलं आणि दोघी तशाच बसलो, फोटो तिच्या मांडीवर. तिने आपला डोळा मिटला. मीही मिटले. दोन सेकंद नाही, बराच वेळ. मिटल्या पापण्यांआड आईच्या मशीनचं चक्र फिरत होतं आणि आवाज जाड होत चालला होता, आणि मला उघडावेसे वाटत नव्हते.

मंगळवारी वही दाखवायची आहे. आजचं लिहायलाच हवं.

स्क्रीन नाही. थेंब नाही. जळजळ अजिबात नाही. पाणी पुष्कळ.